श्वास सोडता कवा? घाबऱ्या जिवासाठी योगाची पहिली इयत्ता

योगाच्या पहिल्याच वर्गातून मी पंधराव्या मिनिटाला पळून आले होते. बागेतला वर्ग, पहाटेचे साडेपाच, समोर माइक लावलेले शिक्षक आणि चटया अंथरून बसलेले आम्ही चाळीसेक जण. हात-पाय जरा हलवून झाले आणि लगेच कपालभाती सुरू. साठ ठोके झाले, मग शंभर. माझ्या बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, छातीत नगारा वाजायला लागला. वाटलं, आता आपलं काही खरं नाही. ज्या धडधडीवर उपाय शोधायला गेले होते, तीच दुप्पट करून घरी आले. चटई तिथेच राहिली होती, ती आणायला दुसऱ्या दिवशी गेले, तेव्हा बाजूला बसणाऱ्या एक काकू म्हणाल्या, "अवो बाई, तुम्ही निस्ता श्वास घेऊनच राह्यल्या. सोडता कवा?"

त्या प्रश्नाचं उत्तर कळायला मला दोन-तीन महिने लागले. तुम्हाला तेवढे लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे. रात्री तीनला दचकून जाग येते, मुलाने फोन उचलला नाही की नको नको ते मनात येतं, मीटिंगच्या आधी पोटात गोळा येतो, आणि ज्यांनी आजवर एकही आसन केलेलं नाही, अशांसाठी हे आहे. शीर्षासन शिकायचं असेल तर दुसरीकडे बघा.

आधी डॉक्टर, मग चटई

हे वाचून कंटाळा येईल, पण ही पायरी गाळू नका. थायरॉइड वाढलेला असला तरी धडधड होते, हात थरथरतात, झोप उडते. हिमोग्लोबिन कमी असलं तरी दम लागतो. बी-१२ कमी असेल तर मुंग्या येतात. रक्ताच्या दोन-तीन तपासण्या आणि एक ईसीजी, एवढं करून घ्या. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकतंय, दरदरून घाम फुटलाय, असं पहिल्यांदाच झालं तर प्राणायाम करत बसायचं नाही. सरळ दवाखाना गाठायचा.

मनासाठीच्या गोळ्या चालू असतील तर त्या योगाच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत. "अवो, मी तर सोडून देल्या" असं छातीठोक सांगणारा प्रत्येक बागेत एक तरी भेटतो. त्याला नमस्कार करा आणि पुढे चला. गोळी कमी करायची की नाही, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं. अजून कुणाला दाखवलंच नसेल तर आपल्या नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत मानसोपचाराची ओपीडी आहे. घराबाहेर पडायचीच भीती वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर हा लेख इथेच सोडा आणि तो नंबर लावा.

योगाकडून किती अपेक्षा ठेवायची, याचा एक अंदाज देते. अमेरिकेत सततच्या चिंतेचा आजार असलेल्या २२६ जणांवर बारा आठवड्यांचा एक अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती ताणाबद्दलची माहिती दिलेल्यांपैकी साधारण ३३ टक्क्यांना बरं वाटलं, योग करणाऱ्यांपैकी ५४ टक्क्यांना, आणि समुपदेशकाकडे जाऊन विचारांवर काम करणाऱ्यांपैकी ७१ टक्क्यांना. म्हणजे योगाचा उपयोग होतो, पण बोलून घेतलेले उपचार त्याच्याही पुढे गेले. दोन्ही जमत असेल तर दोन्ही करा, त्यांचं आपसात भांडण नाही.

जागा आणि वेळ

पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेल्या पुस्तकांत "सकाळी मोकळ्या हवेत" असं सरसकट लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सात वाजताच गच्ची तापायला लागते, आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, सुरू झाला की पहाटेची हवासुद्धा कढत असते. उन्हाळ्यात साडेसहाच्या आत आटपा, नाहीतर खालच्या खोलीत, कूलर लावून करा. फक्त कूलरचा झोत अंगावर घेऊ नका, घामेजलेली मान आखडते. डिसेंबर-जानेवारीत उलटं. फरशी इतकी गार असते की नुसत्या चटईने भागत नाही, खाली सतरंजी आणि वर जुनी चादर घाला. शवासनात अंगावर शाल हवीच. थंडीने कुडकुडणारं शरीर सैल होत नाही.

पोट रिकामं हवं, जेवणानंतर तीन तास तरी गेलेले असावेत. तर्री-पोहे नंतर. सावजी खाल्लेल्या रात्रीच्या दुसऱ्या सकाळी पुढे वाकायची आसनं गाळली तरी चालतील, घशाशी येतं. उठल्या उठल्या चहा लागतोच अशांनी अर्धा कप घ्या आणि वीस मिनिटं थांबा. दिवसाला पाच-सहा कप होत असतील तर मात्र धडधडीचा थोडा हिशोब त्या कपांकडेही मागा.

सकाळ जमत नसेल तर संध्याकाळ. तेही नाही तर झोपायच्या आधी. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं केलेली जास्त कामाला येतात.

श्वास सोडायला शिकणं

आता काकूंच्या प्रश्नाकडे येते.

जीव घाबरला की आपण छातीच्या वरच्या भागाने भराभर श्वास ओढतो. पुरेशी हवा मिळत नाही असं वाटतं, म्हणून आणखी ओढतो. खरं तर हवा भरपूर झालेली असते. भराभर श्वासामुळे शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, त्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि चक्कर, मुंग्या, ओठ बधिर होणं हे सगळं त्यातून येतं. ते जाणवलं की आपण आणखी घाबरतो आणि आणखी हवा ओढतो. म्हणून घाबरलेल्या माणसाला "मोठ्ठा श्वास घे, मोठ्ठा" असं सांगणं हा आपल्या घराघरातला चुकीचा सल्ला आहे. छोटा घे आणि सावकाश सोड, हे बरोबर.

मनगटावर बोटं ठेवून बघा. श्वास घेताना नाडी किंचित भरभर चालते, सोडताना मंदावते. तरुण माणसाला हा फरक सहज कळतो, वय वाढलेल्यांना कमी. मेंदूतून निघून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस हृदयाचा लगाम धरते, आणि श्वास सोडताना तो लगाम खेचला जातो. सोडणं लांबवलं की लगाम जास्त वेळ खेचलेला राहतो. पतंजलींनी योगसूत्रांत चित्त विचलित झाल्याच्या खुणा सांगताना दुःख आणि खिन्नतेच्या जोडीला अंग थरथरणं आणि बिघडलेला श्वासही घातला आहे. तिथून तीनच सूत्रं पुढे एक उपाय येतो, आणि त्यातला पहिला शब्द आहे प्रच्छर्दन, म्हणजे श्वास बाहेर सोडणं. मला हे वाचल्यावर काकूंचा चेहरा आठवला.

करायचं असं. पाठीवर झोपा, गुडघे दुमडून पावलं जमिनीवर टेकवा. डोक्याखाली पातळ उशी. एक हात पोटावर, एक छातीवर. पहिले दोन दिवस फक्त बघा की कुठला हात जास्त हलतो. बदलायला जाऊ नका. बहुतेकांचा वरचा हलतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या दिवसापासून नाकाने श्वास घ्या, मनात तीन अंक मोजून. नाकानेच सोडा, चार-पाच अंकांपर्यंत. पोटावरचा हात सोडताना आपोआप खाली जाईल, त्याला ढकलू नका. सोडून झाल्यावर पुढचा श्वास स्वतःहून येईपर्यंत एखादा क्षण जातो. तो जाऊ द्या, ताणून धरू नका. आठवडाभराने चार घेणं, सहा सोडणं इथपर्यंत या. एका मिनिटात साधारण सहा श्वास बसतात, तेवढं पुरे. पाच मिनिटं करा. श्वास खोल करायच्या फंदात पडू नका, इतका हळू हवा की शेजारच्याला ऐकू जाऊ नये. दम कोंडल्यासारखं झालं तर मोजणं सोडून द्या, दोन श्वास हवे तसे घ्या, मग परत या.

मोजण्यानेच टेन्शन येणारेही असतात. मी त्यातलीच. परीक्षेतल्यासारखं वाटायचं. मग मी सोडताना मनात "पांडुरंग" म्हणायला लागले, तो शब्द मस्त लांबवता येतो. वर्गातल्या एक ताई "बुद्धं शरणं गच्छामि" म्हणतात, पूर्ण ओळीला त्यांचा एक श्वास बरोबर पुरतो. तुमच्या घरात जे नाव चालत असेल ते घ्या.

एका जागी पडून राहिलं की बेचैनी वाढते, असं झालं तर पालथे व्हा. मकरासन. पाय थोडे लांब, हातांची घडी, त्यावर कपाळ. पोट जमिनीला टेकलेलं असल्यामुळे श्वास आपोआप पोटात उतरतो, प्रयत्न करावा लागत नाही. गरोदर बायांनी हे करू नये, त्यांनी डाव्या कुशीवर झोपून श्वास सोडावा.

थोडं हलणं

काही दिवस असे असतात की आडवं होणंच जमत नाही, आत मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं वाटतं. त्या दिवशी आधी हला, मग श्वास. माझा क्रम चारच आसनांचा आहे आणि त्यात अंगाला पीळ वगैरे काही नाही.

उभं राहून ताडासन. श्वास घेत हात वर, सोडत खाली, पाच-सहा वेळा. टाचा उचलताना तोल जात असेल तर उचलू नका.

मग मार्जारासन, म्हणजे मांजरासारखं चार पायांवर. हात खांद्यांखाली, गुडघे कमरेखाली. श्वास घेताना पाठ खाली आणि नजर समोर, सोडताना पाठ वर फुगवून हनुवटी छातीकडे. आठ-दहा वेळा, घाई न करता. मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. हालचाल श्वासाच्या वेगाने करावी लागते, त्यामुळे श्वासाकडे लक्ष द्या असं वेगळं सांगावं लागत नाही. गुडघ्यांखाली घडी केलेला टॉवेल घ्या.

तिथूनच मागे बसून शशांकासन. टाचांवर बसायचं, पुढे वाकून कपाळ टेकायचं. कपाळ जमिनीला पोहोचत नसेल तर जमीन वर आणा, म्हणजे समोर उशी किंवा लोड ठेवा. एक-दोन मिनिटं. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्चीत बसून जेवणाच्या टेबलावर हातांची घडी घालून डोकं टेकवलं तरी तोच गुण येतो, त्यात कमीपणा नाही.

शेवटी भिंतीला पाय. भिंतीलगत आडवे होऊन पाय वर टेकवायचे, कमरेखाली घडी केलेली चादर. पाच मिनिटं. काचबिंदू असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल तर हे गाळा आणि पाय खुर्चीच्या बैठकीवर ठेवून पडा.

पहिला महिना आसनं एवढीच.

भ्रामरी

दुसऱ्या आठवड्यात भ्रामरी जोडा. ताठ बसा, मांडी जमत नसेल तर खुर्चीत. नाकाने श्वास घ्या, ओठ मिटलेले, दात एकमेकांना न टेकवता, आणि सोडताना भुंग्यासारखा हलका गुंजारव करा. पाच वेळा पुरे. अंगठ्यांनी कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा हलकेच दाबायचा, आत बोट खुपसायचं नाही. आवाज काढल्यावर श्वास आपोआप लांबतो, ही तिची खरी गंमत. घरचे हसतील. माझ्या मुलाने विचारलं होतं, कूलरची मोटर बिघडली का. उन्हाळ्यात कूलरच्याच सुरात सूर मिळवून करून बघा, कुणाला कळत नाही.

अनुलोम-विलोम महिन्याभराने, तेही श्वास न रोखता. सर्दीने नाक चोंदलेलं असेल त्या दिवशी नाही. मे महिन्यात शीतली करता येते, जिभेची नळी करून तोंडाने हवा आत घ्यायची, नाकाने सोडायची. दमेकऱ्यांनी आणि धुळीच्या रस्त्यालगत बसणाऱ्यांनी मात्र नको.

शवासनात डोळे उघडे चालतील

हे कुठल्या वर्गात सांगत नाहीत म्हणून मुद्दाम सांगते. डोळे मिटून स्तब्ध पडलं की चिंतेने ग्रासलेल्या बऱ्याच जणांना आतली धडधड जास्त ऐकू येते, जुन्या वाईट आठवणी वर येतात. "मला साधं शवासनही जमत नाही" असं म्हणून लोक सोडून देतात. डोळे अर्धे उघडे ठेवा, पंख्याकडे बघा. कुशीवर वळा. दाराकडे पाय करून झोपा, म्हणजे दार दिसत राहील. दोन मिनिटांनी उठलात तरी ते शवासनच.

जे सध्या नको

कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरण्याचे सगळे प्रकार. ही वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. पण ज्याचं इंजिन आधीच तापलं आहे त्याने आणखी अॅक्सिलेटर का दाबावा? घबराटीचे झटके वारंवार येणाऱ्यांनी, फिट्स, हर्निया, हृदयरोग किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. सगळा वर्ग करत असेल तेव्हा एकट्याने थांबायला संकोच वाटतो, मला कळतं. शिक्षकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

कुठे शिकायचं

नागपुरात योग म्हटलं की जुन्या लोकांना पहिल्यांदा रामनगरातलं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आठवतं. त्याशिवाय अंबाझरीपासून सक्करदऱ्यापर्यंत तलाव आणि बागांच्या आसपास सकाळचे गट असतात, बहुतेक ठिकाणी कुणी हाकलत नाही. वर्ग निवडताना शिक्षकांना एकच विचारा, "मला मध्येच घाबरल्यासारखं झालं तर मी काय करू?" "थांबा, पाणी प्या, बसून बघा" असं उत्तर आलं तर जा. "मन घट्ट करा, सगळं मनाचे खेळ" असं आलं तर दुसरी बाग शोधा. २१ जूनला, योगदिनाच्या हजारोंच्या गर्दीत सुरुवात करू नका, त्या दिवशी कुणाचं लक्ष तुमच्याकडे नसतं. २२ जूनला जा, जागाच जागा असते.

श्वास नुसता बघण्याची, म्हणजे आनापानाची ओढ वाटली तर कळमेश्वरच्या बाजूला माहुरझरीला धम्मनाग हे विपश्यना केंद्र आहे. पण दहा दिवसांचं मौन ही पहिली पायरी नव्हे. चिंता जोरात असताना तिकडे धाव घेऊ नका, आणि अर्जात तब्येतीबद्दल विचारतात तिथे खरं लिहा.

भर रस्त्यात घाबरायला झालं तर

चटईवरचं सगळं शेवटी इथे उपयोगी पडायला हवं. गाडी चालवत असाल तर आधी कडेला घ्या. दोन्ही पावलं जमिनीवर घट्ट दाबा. हाताने काहीतरी गार आणि टणक धरा, पाण्याची बाटली असेल, मेट्रोचा दांडा असेल. डोळे उघडेच. मग गरम चहा निववायला फुंकतो तसं, ओठांचा चंबू करून सावकाश सोडा. आत किती घ्यायचं याचा विचारच करायचा नाही, ते काम शरीर करतं. चार-पाच वेळा झालं की खांदे कानांपासून खाली उतरवा. "हे थांबव" असं स्वतःला दटावू नका. घबराटीचा झटका काही मिनिटांतच टोक गाठतो आणि मग उतरतो, त्याच्याशी झगडून तो लवकर उतरत नाही.

पण ही सवय झटक्याच्या वेळी लागत नाही, बरं असताना लावावी लागते. मी सिग्नलवर लावली. अजनी चौकात लाल दिवा लागला की आकडे उतरायला लागतात, तेवढा वेळ मी श्वास सोडत बसते. मागचा हॉर्न वाजवतो, त्याला त्याचं काम करू द्यावं.

पहिले काही आठवडे

पहिल्या आठवड्यात काहीच फरक पडणार नाही, किंवा उलट जास्त अस्वस्थ वाटेल. कॅलेंडरच्या चौकोनात रोज दोनच गोष्टी लिहा, झोप किती लागली आणि केलं की नाही. मन कसं आहे हे लिहू नका, ते रोज तपासत बसण्याचाच आपल्याला आजार आहे. महिन्याने मागे वळून बघा. माझ्या बाबतीत तीनची जाग पाचवर गेली, तेवढंच आधी बदललं. धडधड नंतरही व्हायची, पण तिच्यामागून येणारी धास्ती कमी झाली. सहा-आठ आठवड्यांत इतकंही झालं नाही तर आसनं वाढवू नका, समुपदेशकाकडे जा. मध्ये चार दिवस खंड पडला, पाहुणे आले, लग्नसराई निघाली, तर पाचव्या दिवशी फक्त मार्जारासन करा आणि उठा.

मी अजून त्याच बागेत जाते. कपालभाती अजूनही करत नाही. सगळ्यांचे ठोके सुरू झाले की काकू आणि मी मकरासनात पालथ्या पडून राहतो. सुरुवातीला माइकवरून आमचा उद्धार व्हायचा. आता शिक्षकांनी बोलणं सोडलं आहे, आणि गेल्या महिन्यात मागच्या रांगेतले दोघे तिघे आमच्यासारखेच पालथे झालेले दिसले.